बघून ऐकलेलं कॉलेज

कबनूरला आमच्या घराच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. आबा, म्हणजे माझे वडील, तिथंच चार माग चालवायचे. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. मागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असायचा. बाहेरगावचं माणूस आमच्याकडं आलं की दहा मिनिटांत कपाळ धरून बसायचं. आम्हाला तो आवाज जाणवायचाच नाही. जाणवायचं ते वीज गेल्यावर. सगळे माग एकदम थांबायचे आणि गल्लीतली माणसं आपोआप हळू बोलायला लागायची.

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रोज एसटीनं जाऊन-येऊन. पावसाळाभर खोकला होता, तो मी अंगावर काढला, आणि शेवटी छातीचा फोटो काढल्यावर टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि रोज एक इंजेक्शन. दवाखान्यातल्या सिस्टर एक दिवस डाव्या बाजूला, एक दिवस उजव्या बाजूला द्यायच्या. दीड महिन्यात खोकला थांबला, भूक लागायला लागली. फक्त चालताना झोक जायचा, आणि कानात सतत माग चालल्यासारखं वाटायचं. शेजारी खरोखरच माग चालू असल्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एका दुपारी मी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होते. सोप्यात आई आणि शेजारची काकू बोलत होत्या. बोलता बोलता दोघींचे खांदे सैल झाले, माना जवळ आल्या, ओठ जेमतेम हलायला लागले. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. करंट गेला होता. माझ्या कानात मात्र माग चालूच होते.

मी विचारलं, "करंट गेला व्हय?"

दोघीही दचकून माझ्याकडं बघायला लागल्या. मी किती मोठ्यानं ओरडले असेन ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. आईचं तोंड हललं. ती उठून जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून परत काहीतरी म्हणाली. तिच्या तोंडाचा मिसरीचा वास आला, इतकी ती जवळ होती. शब्द काही आला नाही.

कानाच्या डॉक्टरांकडं आबा मला कोल्हापूरला घेऊन गेले. तिथं एका लहानशा खोलीत बसवून माझ्या कानांवर यंत्र लावलं आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ वाट बघितली. मग काचेपलीकडच्या बाईंच्या चेहऱ्याकडं बघून अंदाजानं दाबायला लागले, कारण त्यांना वाईट वाटेल असं मला वाटत होतं. डॉक्टर नंतर आबांशी बरंच बोलले. आबा मान तिरपी करून त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला. एसटीत बसल्यावर खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. दवाखान्याच्या कागदाच्या मागं त्यांनी सावकाश लिहिलं, "सुई बंद. गोळ्या चालू. कान येनार न्हाय."

हातकणंगले येईपर्यंत मी तो कागद मांडीवर धरून बसले. इंजेक्शनानं छाती वाचवली आणि कान नेले. असं होतं काहींचं, असं डॉक्टर म्हणाले होते म्हणे. मी पुढं कित्येक महिने मनातल्या मनात कुणाला ना कुणाला दोषी धरत राहिले. आबांनी कुणालाच धरलं नाही. त्यांचं एकच, पोरगी जित्ती हाय.

आत्या भेटायला आली. ती काय बोलली ते आईनं मला फार पुढं सांगितलं. आत्या म्हणालेली, "आता कशाला कालेज? भैऱ्या पोरीला मास्तर काय कानात लिहून देनार हाय? घरात ऱ्हाऊ दे. तुझ्यासंगं कांड्या भरील." आईनं तिला चहा दिला आणि म्हणाली, "मागाच्या खोलीत कुनाला ऐकू येतंय वन्सं? तरी वीस वर्सं बोलतुयाच की आमी."

आईला कारखाना म्हणायचा होता. तिथं कानाचा उपयोग नव्हताच. आबा आपल्या चार मागांपाशी उभे, आई लांब दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या गदारोळातून ती दोघं चहापासून घरातल्या भांडणापर्यंत सगळं बोलायची. तोंड मोठं उघडायचं, शब्द ओठांवर आणायचा, कमी पडलं तर बोटं वापरायची. मालक आला तर मिशीवर हात. सूत तुटलं तर दोन बोटांची कात्री. लहानपणापासून मी हे बघत होते, पण ती एक भाषा आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

वर्ष तर गेलंच होतं. डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलेलं, म्हणून मी कारखान्याच्या दाराबाहेर कट्ट्यावर बसायची आणि आतल्या माणसांची तोंडं बघायची. सकाळी बसायची ती दुपारपर्यंत. पहिले काही दिवस नुसते ओठ दिसले. मग मधूनच एखादा शब्द सुटा होऊन यायला लागला. "चा." "ये." "उद्या." एक दिवस आतल्या एका कामगारानं दुसऱ्याला माझ्याकडं बघून म्हटलेलं मला पूर्ण समजलं. तो म्हणाला, "वाईट झालं बघ पोरीचं." मला रडू यायला हवं होतं. मी उठून आईकडं पळत गेले आणि तो काय म्हणाला ते तिला सांगितलं. आईनं कांडी सोडून माझे दोन्ही गाल धरले.

त्यानंतर आबांनी शिकवायचंच मनावर घेतलं. पाळी सुटली की हातपाय धुऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचे आणि पेपरातली बातमी वाचायचे. मी त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणून दाखवायची. त्यांचं वाचन अडखळत, माझं ऐकणं अडखळत. प, ब, भ, म ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात, हे आम्हा दोघांना मिळूनच कळलं. पान, मान, भान, सगळं एकच. 'पाणी' आलंय की 'मानी' ते पुढच्या शब्दावरून ठरवायचं. आबा चिडायचे, "नीट बघ की जरा!" मीही चिडायची, "तुमी नीट बोला की!" आई मधे पडायची नाही. ती भाकरी थापत बसलेली असायची आणि तिची पाठ हलताना दिसली की मला कळायचं, ती हसतेय.

जूनमध्ये मी परत दुसऱ्या वर्षाला जाऊन बसले.

मला वाटलं होतं, आता मला येतं. पहिल्याच तासाला कळलं की कॉलेजातली माणसं मागावरच्या माणसांसारखी बोलत नाहीत. ती तोंडच उघडत नाहीत. शिवाय निम्मा वेळ फळ्याकडं तोंड. भौतिकी रसायनाच्या सरांना मिशी होती, दाट, वरचा ओठ पूर्ण झाकणारी. मी त्यांना भेटून म्हटलं, "सर, वर्गाकडं तोंड करून शिकवाल का?" ते मान हलवून हो म्हणाले, आणि तास संपेपर्यंत फळ्याशी बोलत राहिले. दोन-तीनदा सांगून बघितलं. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षांची सवय होती ती, माझ्या एकटीसाठी कुठून सुटणार?

माझ्या जुन्या मैत्रिणी तिसऱ्या वर्षाला गेल्या होत्या. नव्या वर्गात माझ्या बाकावर एक मुलगी येऊन बसली. कागलच्या बाजूची, जैन शेतकऱ्याच्या घरातली. त्यांच्या घरात निम्मं कानडी चालायचं, आईला ती अव्वा म्हणायची. बोलायची मोठ्यानं आणि तोंडभर, त्यामुळं तिचं मला लवकर कळायला लागलं. आठवडाभर तिनं मला बाजूच्या वहीतून चोरून उतरवताना बघितलं. सोमवारी येताना दप्तरातून कार्बन पेपर काढला, स्वतःच्या कागदाखाली घातला, त्याखाली कोरा कागद ठेवला आणि लिहायला लागली. तास संपल्यावर खालचा कागद माझ्यापुढं सरकवला.

"दाबून लिहायला लागतंय, एवढंच," ती म्हणाली.

त्या दिवसापासून दीड वर्ष ती दाबून लिहीत होती. तिच्या मधल्या बोटाला घट्टा पडला होता. अक्षर वाईट, पण काही सोडायची नाही. सरांनी मधेच काही बोललेलं ती कंसात लिहायची. 'सर हसले. विनोद काही बरा नव्हता.' 'मागच्या बाकावरच्याला बाहेर काढलं.' 'बाहेर पाऊस आला म्हणून थांबले, मग म्हणाले, कुठं होतो आपण.' रसायनशास्त्राबरोबर वर्गसुद्धा ती मला कागदावर आणून द्यायची. आजही मला ते तास आठवतात ते निळ्या, जरा फिसकटलेल्या अक्षरांत.

आणि अशा मुलीशी मी भांडले. ऐकू येईनासं झाल्यावर मनात एक किडा शिरतो. चार माणसं हसताना दिसली की ती आपल्यालाच हसताहेत असं वाटतं. एकदा मधल्या सुट्टीत ती झाडाखाली तिघींबरोबर बसली होती. तिनं आपल्या कानांपाशी हात नेऊन काहीतरी दाखवलं आणि सगळ्या वाकून वाकून हसल्या. मी तशीच तिथं गेले. त्या दिवसाचे कार्बनचे कागद फाडले आणि तिच्या पुढ्यात टाकले. म्हटलं, "तुझी दया नको मला."

सगळ्या गेल्यावर तिनं कागदाचा एक तुकडा उचलून त्यावर लिहिलं, 'मला बघायला आलेल्या मुलाचे कान मोठे आहेत. त्याला हसत होतो.'

मी खाली बसले. तिनं डबा उघडला, निम्मी भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्या हातावर ठेवली. दुपारच्या तासाला परत कार्बन घातला. मी तिची माफी मागितली की नाही, ते मला आठवत नाही. बहुतेक नसावी मागितली.

दुसरं वर्ष पार पडलं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत एक प्रसंग घडला. मी भिंतीकडं तोंड करून परीक्षानळी तापवत होते. माझ्या मागच्या टेबलावर कुणाच्या तरी हातून स्पिरिट सांडलं आणि पेटलं. सगळी मुलं ओरडत दाराकडं पळाली म्हणे. मी आपली नळीतला रंग बदलायची वाट बघत उभी. कुणीतरी दंडाला धरून मला इतक्या जोरात ओढलं की नळी हातातून पडून फुटली. मागं वळून बघितलं तर टेबलावर निळी आग पसरली होती आणि प्रयोगशाळेतले म्हातारे शिपाई तिच्यावर वाळू ओतत होते. कुणाला काही झालं नाही. माझ्या ओढणीचं टोक तेवढं करपलं.

विभागप्रमुख मॅडम घाबरल्या होत्या. घाबरलेलं माणूस भरभर बोलतं, आणि भरभर बोललेलं मला समजत नाही. त्यांनी मग वहीवर लिहिलं, 'उद्यापासून प्रॅक्टिकलला येऊ नकोस. तुझी जबाबदारी कोण घेणार? बी.ए.चा बाहेरून फॉर्म भर.' मी वाचलं आणि वही त्यांना परत दिली. त्यांच्या लिहिण्यात राग नव्हता.

प्राचार्यांनी पालकांना घेऊन यायला सांगितलं. आबा रात्रपाळी करून सकाळच्या एसटीनं तसेच आले. अंघोळ झाली होती, धुतलेला सदरा होता, पण कानामागच्या केसांत सुताची धूळ अडकलेली मला दिसत होती. प्राचार्यांच्या खोलीत मॅडमही होत्या. आबांना बसा म्हटलं तरी ते खुर्चीच्या पाठीला धरून उभेच राहिले.

प्राचार्य सावकाश बोलत होते. मुलीची काळजी वाटते, उद्या काही झालं तर काय करायचं, असं. आबा मान तिरपी करून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग बोलायला लागले. ते इतक्या मोठ्यानं बोलत असावेत की प्राचार्य खुर्चीत मागं सरकले आणि दारातून शिपायानं आत डोकावलं. त्यांना वाटलं, हा माणूस भांडायला आलाय. मी आबांच्या ओठांकडं बघत होते, म्हणून मला त्यातला शब्द न् शब्द समजला.

"सायेब, भांडत न्हाय मी. मला माजा आवाज कळत न्हाय, म्हून जोरात येतोय. मला बी ऐकू येत न्हाय. धा-बारा वर्सं झाली. तीस वर्सं माग चालवतोय, कान ऱ्हात न्हाईत त्यात कुनाचं. पर चार माग एकटा सांभाळतोय. धोटा उडून डोळा गेला न्हाय, पट्ट्यात बोट गेलं न्हाय. बघून काम करतोय."

ती मान तिरपी करायची सवय, पेपर वाचताना माझं बोलणं परत परत विचारणं, डॉक्टरांच्या तोंडाकडं टक लावून बघणं. मला वाटायचं, ते मला शिकवताहेत. घरात आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून, दोघंही ऐकू न येणारी, बातम्या वाचत होतो. आईला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आबा पुढं म्हणाले, "तिला भितीकडं तोंड करून हुबी केली, हितंच चुकलं. भितीला पाठ पायजे. सगळी खोली डोळ्याम्होरं पायजे. मागावर आमी तसंच हुबं ऱ्हातो की. तेवढी जागा बदला. बाकी जबाबदारी माजी, कुटं सई करू सांगा."

प्राचार्य मॅडमकडं बघायला लागले. मग मॅडमनी मला एक कोरा कागद दिला. मी अर्ज लिहिला, आबांनी खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवसापासून माझी जागा कोपऱ्यातल्या टेबलामागं, भिंतीला पाठ करून झाली.

परत जाताना एसटीत मी आबांना विचारलं, "मला आधी का सांगितलं न्हाईसा?"

ते खिडकीबाहेर बघत होते. मी कोपरानं डिवचलं आणि ते वळल्यावर परत विचारलं. म्हणाले, "तुला आनिक म्हाताऱ्याचं कशाला वज्जं?"

त्याच हिवाळ्यात माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. मोठ्या कानांचा तोच मुलगा, कर्नाटकातला. घरच्यांनी परीक्षेपर्यंत थांबायचं म्हटलं होतं, पण मुलाकडच्यांना घाई होती. डिसेंबरात तिनं कॉलेज सोडलं. शेवटच्या दिवशीसुद्धा तिनं चारही तास लिहून काढले. मग उरलेले कार्बन पेपर एका कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवले. मी म्हटलं, "परीक्षेला तरी ये. फॉर्म भरलाय की तू." ती म्हणाली, "बघू." ती आली नाही. दीड वर्ष जिनं एकेक शब्द दोनदा उमटवला, तिची पदवी राहिली आणि माझी झाली. हे मला आजही नीट पचलेलं नाही.

तिच्यानंतर वर्गातल्या आणखी दोघींनी कार्बन घालून बघितलं, पण त्यांना दाबून लिहायला जमायचं नाही. खालच्या कागदावर पुसट ओरखडे यायचे. मिशीवाल्या सरांचा विषय तर पूर्णच हातातून गेला. जानेवारीतल्या चाचणीत त्यात मी नापास झाले. तेव्हापासून मी त्या तासाला वर्गात बसायचं सोडलं आणि ग्रंथालयात बसायला लागले. पुस्तकं इंग्रजी. एका हातात शब्दकोश, एका हातात पेन्सिल. एक पान व्हायला तासभर लागायचा. सुट्टीच्या दिवशी घरी गर्दी असली की आमच्या वस्तीतल्या विहारात जाऊन बसायची. तिथं दुपारी कुणी नसायचं. थंडगार फरशीवर पुस्तक ठेवून मी समीकरणं परत परत सोडवायची. उत्तर चुकलं तर सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून प्रत्येक गणित दोन वेगळ्या रीतींनी करायची आणि दोन्ही उत्तरं जुळेपर्यंत उठायची नाही. कधी कधी जुळायचीच नाहीत. तेव्हा फरशीवर आडवी व्हायची आणि छताकडं बघत म्हणायची, आत्याचं ऐकायला हवं होतं.

वार्षिक परीक्षेत लेखी पेपरांची मला भीती नव्हती. भीती होती प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेची. परीक्षक बाहेरचे, चेहरा अनोळखी, आणि प्रश्न इंग्रजीत. इंग्रजी ओठ मी कधी वाचले नव्हते.

परीक्षक पन्नाशीचे होते, दाढीमिशी नव्हती, एवढं मी दारातूनच बघून घेतलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मला 'ब्युरेट' दिसलं. ब्युरेट वापरण्याआधी कशानं धुवायची आणि का, ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि परत तोच प्रश्न विचारला. मी परत तेच उत्तर दिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला कळलं की काहीतरी चुकलंय, आणि त्याच क्षणी काय चुकलंय तेही कळलं. ते पिपेट म्हणत होते. ब आणि प.

आतापर्यंत माझ्या वतीनं कुणी ना कुणी सांगत आलं होतं. मैत्रीण सांगायची, नाहीतर आधीच कळलेलं असायचं. अनोळखी माणसाला ते वाक्य मी स्वतः कधी म्हटलं नव्हतं. मागं रांगेत पाच-सहा मुलं उभी होती. माझा आवाज किती मोठा होईल याचा मला अंदाज नव्हता.

मी म्हटलं, "सर, मला ऐकू येत नाही. प्रश्न लिहून द्या."

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या, म्हणजे आवाज मोठाच झाला असणार. परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं, मग शेजारी बसलेल्या मॅडमकडं. मॅडमनी फक्त मान हलवून होकार दिला. परीक्षकांनी कच्चा कागद ओढला आणि त्यावर प्रश्न लिहिला. मी उत्तर दिलं. दुसरा लिहिला. मी उत्तर दिलं. असे त्यांनी सात प्रश्न लिहिले, इतर मुलांना चारच विचारले होते. शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, या वेळी मराठीत. 'कधीपासून?' मी खाली लिहिलं, 'दोन वर्षं झाली.' त्यांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला, पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

निकाल लागला तेव्हा सूचना फलकापाशी इतकी गर्दी होती की मी अर्धा तास लांब उभी राहिले. गर्दी ओसरल्यावर जवळ गेले. पहिला वर्ग मिळाला होता. मिशीवाल्या सरांच्या विषयात गुण सगळ्यांत कमी होते, पण पास होते. मी नंबर तीनदा तपासला आणि मग मैत्रिणीचा नंबर शोधला. त्याच्यापुढं 'गैरहजर' होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती कामावरून नुकतीच आली होती. अंघोळ करून पांढरं लुगडं नेसली, विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. आत्याला तिनंच पेढे नेऊन दिले. आत्या म्हणाली, "मी कुटं नगं म्हनलं हुतं?"

मैत्रिणीला मी पत्र लिहिलं. महिन्यानं तिचं अंतर्देशीय आलं. घरचं, सासरचं, कुठल्याशा म्हशीचं सगळं लिहून झाल्यावर शेवटी एका कडेला तिनं लिहिलं होतं, 'माझ्या वाईट अक्षराला पहिला वर्ग मिळाला, हे अव्वाला सांगितलं. ती रडली. मी नाही.'

एम.एस्सी.चा प्रवेश घ्यायला मी एकटी गेले. जुलै महिना होता, खिडकीपुढं रांग होती आणि हातात अर्ज. त्यात एक रकाना असायचा, अपंगत्व असल्यास त्याचा प्रकार. मागची दोन वर्षं मी तो कोरा सोडला होता. वाटायचं, लिहिलं आणि नको म्हणाले तर? कारकुनानं अर्ज वरून खाली बघितला आणि त्या रकान्यावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. त्याच्या तोंडात पान होतं, त्यामुळं मला काहीच कळलं नाही. मी अर्ज परत घेतला. रांगेतून बाजूला झाले, भिंतीला कागद टेकवला आणि त्या जागेत 'कर्णबधिर' असं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. मग परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढं अकरा माणसं होती.